तांबट आळीतली कुजबुज

"दुःखी माणसाला धीर देणं ही थोर विद्या आहे आणि ती तांबट आळीला जन्मजात येते," असं यादवने जाहीर केलं. खरं तर त्याने ते बायकोच्या कानात सांगितलं होतं. पण जन्मभर तांब्याची भांडी ठोकून आळी अर्धी बहिरी झालेली. तिथली कुजबुज गोदावरीपलीकडे पंचवटीत ऐकू जाई.

धीर हवा होता शेजारच्या चिमाजीला. त्याची बायको लंकाबाई संक्रांतीनंतर वारली, तेव्हापासून त्याचा भाता थंड होता. आळीने कर्तव्यात कसूर केली नाही. एकाने बाईमाणसासारखं रडू नकोस म्हणून बजावलं. दुसऱ्याने, बाजारात आलेल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, हलक्या भांड्यांनी सगळेच तांबट मरणार आहेत, असा दिलासा दिला. तिसरा भाचीचं स्थळ घेऊन आला. पुढे चिमाजी आपली हत्यारं वाटू लागला, तेव्हा तर आळीला भरूनच आलं. केवढं हे वैराग्य! फकिराने कौतुक करता करता ऐरणसुद्धा उचलून नेली. यादवच्या वाट्याला हातोडा आला. तो त्याने हौसेने बायकोला, नवसाबाईला, दाखवला.

नवसाबाईने हातोड्याकडे पाहिलंही नाही. "अहो, हत्यारं वाटून टाकणारा तांबट उद्या काय करणार असतो?"

यादव हातोड्यासकट धावत सुटला. गेला खरा, पण शब्द सुचेना. शेवटी चिमाजीच्या कानाशी लागून त्याने हळूच विचारलं, "चिमा, जीव द्यायचं मनात आहे का रे?"

आळीतले सगळे हातोडे थांबले. ते ग्रहणातही थांबत नसत.

"आहे," चिमाजी म्हणाला. तेही आळीच्या रीतीने, हळूच.

मग एकेक जण येऊन ओट्यावर बसला. फकिरा खाली मान घालून ऐरण परत घेऊन आला. शहाणपणाचं काही कुणाला आठवेना, त्यामुळे चिमाजीला बोलायला जागा मिळाली. लंकाबाईचं नाव त्याने पहिल्यांदाच काढलं. आळी कानामागे हात धरून "काय? परत सांग" म्हणत होती, म्हणून प्रत्येक दुःख त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी ते जरा हलकं निघे.

काही दिवस त्याला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. यादवने आपलं अंथरूण आणलं, नवसाबाईने पिठलं-भाकरी. चिमाजीने भाकरी मोडली, ते पाहून यादवला राहवेना. उभा राहून तो मनुष्यजन्म किती दुर्लभ आहे, यावर बोलू लागला.

चिमाजीने डाव्या हाताने त्याचं धोतर ओढलं.

"यादवा, ते उद्या सांग. आता जरा मीठ वाढ."