उंबरठा न वलांडता वडश्याले

“उंबरठ्याच्या बाहीर पाय त टाक, तंगडीच बांधून ठेवीन,” रुखमाबाईनं नातीले, दिव्यानीले, सांगितलं अन् दाराच्या मधातच पिढा टाकून बसली. बाळंतिनीनं सव्वा महिना घराबाहीर पडाचं नाई. मंग राजा बोलवो का मालक.

मालकच बोलवून राह्यला होता. वडश्याच्या नाटक कंपनीचा बापूराव. दिव्यानी त्याच्या ऑफिसात पोस्टरं बनवे. तिच्या पोस्टरातला व्हिलन पाहून बैल जू फेकून पळतात, असं रुखमाबाई चार गावात सांगे, अन् त्यातलं थोडंबहुत खरंही असन. आता दिवाळीमागच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं पोस्टर दिवस बुडाच्या आत छापखान्यात जायले पायजे होतं. फोटो, अक्षरं, सारं सामान ऑफिसच्या कॉम्प्युटरात.

“येत असशीन त ये,” बापूराव फोनवर म्हने. “नाई त उद्यापासून तुह्या खुर्चीवर माहा भाचा निकेश बसन. कायमचा.”

“मी इथूनच करतो, मालक,” दिव्यानी म्हने. “सुटीवर निघाच्या आधी दुरून जोडाचं सारं लावून ठेवलं. तुमाले इचारूनच न.”

बापूरावच्या मागून निकेश हासला. “ऑफिसात विंडोज, अन् हिच्या डबड्यात लिनक्स. याची बोली त्याले समजन काय?”

फोन स्पीकरवर होता. रुखमाबाईनं पिढ्यावरूनच आवाज टाकला. “काऊन समजन नाई रे? माही सून सिरोंच्याची. आली तवा तेलुगूशिवाय एक अक्षर येत नव्हतं तिले. आमी काय उपाशी राह्यलो?”

डोक्याले फडका, कानात कापूस, खाटंखाली शेगडी. अशी दिव्यानी उशीवर लॅपटॉप ठेवून बसली. तान्हा पोरगा आजीच्या मांडीवर गेला. जराशा वेळानं लॅपटॉपात ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पडदा उघडला, अर्ध्या पोस्टरासकट.

“हे वडसा होय?” रुखमाबाईनं मान लांब केली.

“हो आजी, वडसाच.”

“मंग बजाराकडं वळव थोडं. कांद्याचा भाव पाहू.”

दिव्यानी हासली अन् कामाले लागली. इथी ती बोट हलवे, तिथी वडश्यात पडद्यावरचा बान हले. नाव बसलं, फोटो सरकला, रंग चढला. अन् मधातच पडदा काळा.

दिव्यानीनं पुन्हा जोडून पाह्यलं. नाई. पुन्हा. नाई.

“गेलं, आजी. निकेश बरोबर म्हने. गेली माही खुर्ची.”

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा शिपाई इतवारी, धापा टाकत. “बाई, इथी भानगड झाली! तुमच्या खुर्चीवर कोनी नाई, अन् कॉम्प्युटरातला बान आपल्या मनानं चालून राह्यला! नावं लिवून राह्यला! म्या वायरच उपटली. निंबू आनाले मानूस धाडला.”

दिव्यानी काही बोलाच्या आधी रुखमाबाईनं फोन वढून घेतला.

“इतवारी, वायर उपटाच्या आधी त्या बानानं काय केलं, थे सांग.”

“हिरोचं नाव बारीक केलं, आजी. अन् हिरोईनचं मोठं.”

“मंग भूत कायचं बावा? आमचीच पोरगी हाये थे! घाल वायर.”

“पन बाई त तुमच्या घरी हायेत न?”

“घरी बी हाये अन् तिथी बी हाये. कामाच्या मानसाले दोन ठिकानी राहा लागते. घाल म्हनलं न!”

इतवारीनं वायर घातली, बटन दाबलं, अन् दाराजवळ जाऊन उभा राह्यला. कॉम्प्युटर आळोखेपिळोखे देत उठला. दिव्यानीले घडोघडी सेव्ह कराची सवय, म्हनून पोस्टर जागेवरच होतं. पोराले आताच रडाचं सुचलं. असा रडला का वैनगंगेच्या त्या पारचे बगळे उडाले असतीन. रुखमाबाईनं त्याले खांद्यावर टाकलं, थोपटलं, पन दारातून हालली नाई.

चरून परतनाऱ्या गाई शिवेवर पोचाच्या आधी पोस्टर छापखान्यात पोचलं.

बापूरावचा फोन आला. घसा खाकरून म्हने, “निकेशले तिकिटाच्या टेबलावर बसवलं म्या. तुही खुर्ची तुहीच.” मंग हळूच म्हने, “पन हिरोचं नाव जरासं वाढवतं काय व? रुसन थो.”

“आता छापाले गेलं, मालक.”

रुखमाबाईले कुठचा धीर? दारातूनच शेजारच्या मंगलीले हाक मारून सांगून राह्यली, “आमची पोरगी खाटंवरून वडश्याले जाऊन आली व. मालकाले नरम करून आली. पायात चप्पल बी नाई घातली!”

पुन्हा फोन वाजला. यावेळी व्हिडिओ. इतवारीनं फोन फिरवून ऑफिस दाखवलं. दिव्यानीची रिकामी खुर्ची. तिच्यावरची धूळ पुसलेली. समोर टेबलावर कपबशी, वाफ निंगून राह्यलेली.

“मॅडम, चाय ठेवली.”

“इतवारीभाऊ, मी कुठी तिथी हावो?”

“कामावर हा न तुमी. मंग चाय नाई द्याव काय?”

रुखमाबाईनं पोरगा सांभाळत फोनात तोंड खुपसलं.

“गरम हाये न रे? बाळंतिनीले थंडं चालत नाई.”