लॉण्ड्री कुणी वाचवली

धाकट्या बहिणीचा प्रवेशाचा निबंध बिझनेस स्कूलला पाठवून झाला होता. इस्त्री करता करता दादा म्हणाला, "वाच की, आपल्या लॉण्ड्रीबद्दल काय लिहिलंयस ते."

फोन हातात धरून ती वाचू लागली. "लॉण्ड्री बंद पडायला आली होती. तेव्हा दादाने हॉस्पिटलच्या चादरींचं काम आणलं. महिनाभर दादा तिथल्या साहेबांच्या दारात बसून होता..." दरवेळी 'दादा' म्हणताना ती अडखळत होती.

दादाने इस्त्री उभी केली. "वेडी आहेस का गं? प्रवेश तुला हवाय ना? मग माझं कौतुक कशाला? सगळीकडे 'मी' लिहायचं होतंस. मी काय कुणाला सांगायला जातोय?"

तिने फोन पटकन पालथा ठेवला. त्यात सगळीकडे 'मी'च होतं.