विनंती थांबे

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं दादाकडे ॲरिझोनाला जाणार होतो. तिथल्या वाळवंटातल्या उद्यानांमधल्या टेकड्या पायी चढायच्या होत्या, म्हणून मी पायवाटांचे नकाशे छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. आई लगेच म्हणाली, "तुम्ही दोघं चढा. मी आपली खाली गाडीत बसेन." हृदयाच्या ऑपरेशनपासून तिला आमच्या दारातल्या चार पायऱ्या चढतानाही दम लागायचा. बाबांनी एका टेकडीचा नकाशा पुढे ओढला. तीस वर्षं रत्नागिरी-लांजा एसटी चालवलेला माणूस तो. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि टेकडीच्या वाटेवर बोटाबोटाच्या अंतराने फुल्या मारत गेले. "हे काय, बाबा?" मी विचारलं. "विनंती थांबे. कुणी हात दाखवलान की थांबायचं." "तिथे कोण हात दाखवणार?" "मी. गुडघे कुरकुरतात हल्ली." मला हसू आलं. सकाळीच ते माडावर चढून नारळ पाडून आले होते. आई हसली नाही. चष्मा लावून ती नकाशावर वाकली. फुल्या अर्ध्या वाटेवरच संपल्या होत्या आणि तिथे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथून परत'. "अहो, पॅसेंजर बसलेला असताना कधी अर्ध्या वाटेतून गाडी फिरवलीत?" आईने बाबांच्या हातातून पेन्सिल घेतली, उरलेल्या वाटेवर एकेक फुली काढत गेली आणि शेवटची अगदी माथ्यावर मारली. "इथवर न्यायची," ती म्हणाली. "मी हात दाखवीन तिथे थांबा."