काजळी कोणत्या गाडीची

"फुगा फुगवतेस ना, तशी नळीत फुंकर मार," डॉक्टर म्हणाल्या. चार वर्षांच्या ईराने गाल फुगवून फुंकर मारली आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

तिच्या आईचं, केतकीचं, लक्ष यंत्राच्या पडद्याकडे होतं. छातीत साठलेली काजळी कोणत्या गाडीची, हे आता श्वासावरून कळायचं, अगदी नंबरासकट. शेजारच्या दाभाडेकाकांच्या जुन्या पेट्रोल गाडीवर तिचा केव्हापासून संशय होता. कालच जिन्यात, ईरासमोरच, ती त्यांना नाही नाही ते बोलली होती.

पडद्यावर नंबर उमटला. तो केतकीच्याच डिझेल गाडीचा होता.

"अहो, ती दोन वर्षांपूर्वीच विकून टाकली! आता इलेक्ट्रिक आहे. आणि ईरा त्या गाडीत फारशी बसलीच नाही."

"गाडीच्या मागे उभी असायची का?"

केतकीला तेव्हाच्या सकाळी आठवल्या. सिन्नरच्या कारखान्यात जाऊन-येऊन रोज सत्तर किलोमीटर, म्हणून डिझेल घेतली होती. सकाळच्या गारठ्यात ती इंजिन तापू द्यायची, तेव्हा सासूबाई बाळाला कडेवर घेऊन गाडीमागे उभ्या राहायच्या. हात हलवून 'अच्छा' केल्याशिवाय पोर आईला सोडतच नसे. आरशात तो इवलासा हात बघत केतकी मुद्दाम आणखी दोन मिनिटं थांबायची.

"आई, आता तू कुणाला रागावणार?" ईराने विचारलं.

"बूट घाल," केतकी म्हणाली. मग खाली वाकून तिने बुटांचे बंद बांधले, आणि बांधून झाले तरी ती वर बघेना.