म्हाताऱ्या कुत्र्याचा उतार

पायऱ्यांवर कुत्र्याचे मागचे पाय लटपटायला लागले, तसा सुताराने दारापुढे फळ्यांचा उतार ठोकला आणि पंजे घसरू नयेत म्हणून जुनं जाजम चिकटवलं. कुत्रा मात्र हुंगून मागे सरायचा, पुन्हा पुढे यायचा, कण्हायचा. खिडकीतून सुताराचे वडील ओरडले, "भित्रा लेकाचा!" स्वतःचा गुडघा आखडल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, काठीचं किंवा उताराचं नाव काढलं तरी अंगावर यायचे. कुत्रा केविलवाणा भुंकला, तसे ते चौकट धरत बाहेर आले. "सरक बाजूला. त्याला सोबत हवी." जाजमावर पाय ठेवून पुटपुटले, "चल रे म्हाताऱ्या, मी आहे ना." दोघं खेटून अंगणात उतरले. सुतार मान खाली घालून आधीच बसलेला खिळा ठोकत राहिला. वर बघितलं असतं, तर वडील तिथूनच परत फिरले असते.