विनोदी सिनेमा

भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पडद्यावर म्हातारीची तिरडी निघाली आणि आमचं अख्खं गाव खदाखदा हसायला लागलं.

शेजारी बसलेल्या दिग्दर्शकांचा चेहरा पडला. "या प्रसंगाला परदेशात लोक रडले हो! बक्षीस मिळालं. तुमच्याच गावात शूटिंग केलं, आणि तुम्हालाच आवडला नाही?"

"साहेब, इतका विनोदी सिनेमा आम्ही आजवर बघितला नाही," मी म्हणालो. "तिरडीवर आमची आई आहे. शूटिंगच्या दिवशी दर दहा मिनिटांनी ताडकन उठून चहा मागायची. आम्हाला कुठून रडू येणार? आता तिच्या पायाकडं बघा."

पायावर माशी बसली. आईनं अंगठा हलवला. शिट्ट्या पडल्या.

दिग्दर्शकही हसले. "इतक्यांदा पाहिला, पण हे कधी दिसलंच नाही! कुठं आहेत त्या? भेटवा मला."

"आज वर्षश्राद्ध आहे तिचं. म्हणून तर तुम्हाला सिनेमा घेऊन बोलावलं."

दिग्दर्शक स्वतःच उठून लॅपटॉपपाशी गेले आणि सिनेमा मागे नेला.

आईनं पुन्हा अंगठा हलवला.