पहिल्या रांगेतली खुर्ची

सिंधूताईला त्या दिवशीही पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली आणि इंद्रभानच्या पोटात दुखायला लागलं.

सीमेवर लढाई पेटून चार दिवस झाले होते. डोणगावच्या चौकात रोज सकाळी नऊ वाजता जवानांसाठी सभा भरायची. माईक इंद्रभानच्या हातात. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, आवाज असा खणखणीत की भोंगा नसता तरी चाललं असतं. "घुसा! एकालेही सोडू नका!" असं तो ओरडला की पोरं शिट्ट्या मारायची. पण सभा संपली की लोक जायचे कुणाकडे? सिंधूताईकडे. कारण तिचा अश्वजित फौजेत होता, तिकडेच कुठेतरी. सरपंच तिला वाकून नमस्कार करायचे. तिच्या खुर्चीवर टॉवेल काय, हाताशी पाण्याची बाटली काय! आणि ही बाई एक घोषणा देईल तर शपथ. मुठीत मोबाइल धरून नुसती बसून राहायची. अश्वजितचा फोन चार दिवसांत आला नव्हता.

हीच बाई शेतात निंदणाला जाताना आपल्या गाडीत उभी असायची आणि आपण तिला "ए बाई, मागं सरक" म्हणायचो. हे आठवलं की इंद्रभानला घास गोड लागत नसे. घसा फाडायचा आपण आणि हार हिला!

"जवानाची माय म्हणे," शकूर टेलरच्या दुकानात बसल्या बसल्या तो बोललाच. "जवान तिचं पोरगं. हिनं काय केलं?"

शकूर झेंडे शिवत होता. मशीन न थांबवता म्हणाला, "कंडक्टर, तुम्ही रोज लोकायले गाडीत चढवून राह्यले. घरचं तिकीट कधी फाडता?"

"लढाईले पाठिंबा द्याले वर्दी लागते काय बे?"

"नाही लागत. पण मंग दुसऱ्याचं पोरगं पाठवाले एवढा जोर काऊन लावता?"

दुकानातले चौघं खो खो हसले. इंद्रभान ताडकन उठला. "पाठवतो! माह्या प्रसेनजितलेही पाठवतो! परवा बुलढाण्याले सैन्य भरती हाय. गेलाच समजा!"

बोलून तर बसला. पण घर येईपर्यंत त्याचं डोकं चालायला लागलं. प्रसेनजित हा त्याचा एकुलता एक, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला. वजन नव्वद किलो. जिना चढला तरी धापा टाकायचा. लेखी परीक्षा तो मित्रांच्या नादाने देऊन बसला होता, पास झाला होता, पण पळायचं नाव काढताच त्यानेच नाद सोडला होता. मैदानाला एक चक्कर मारायच्या आत साहेब त्याला घरी हाकलणार, यात शंकाच नव्हती. म्हणजे पाठवल्याचं नावही होईल आणि पोरगं संध्याकाळी जेवायला घरीही येईल. वा रे इंद्रभान! त्या रात्री त्याला छान झोप लागली.

ठरल्या दिवशी भल्या पहाटे शकूरच्या पोराने, वकारने प्रसेनजितला मोटारसायकलवर बसवून नेलं. नऊच्या सभेत इंद्रभानने माईकवर गर्जना केली, "माहं पोरगं आज भरतीले गेलं!" टाळ्या पडल्या. त्याने तिरक्या डोळ्याने सिंधूताईकडे पाहिलं. ती मोबाइलकडे बघत होती. जळत असणार, त्याला वाटलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे वकार ओरडत होता. भोंग्यावर गाणं, चौकात घोषणा, धड ऐकू येईल तर ना. "चाचा, प्रसेनजितले भरती केलं..."

"भरती केलं?" इंद्रभान म्हणाला. माईक तोंडाशीच होता.

मग काय, चौक दणाणला! कुणी हार घातला. सरपंचांनी स्वतः दुसरी खुर्ची आणली, वर टॉवेल टाकला आणि सिंधूताईच्या शेजारी मांडली. इंद्रभानला धरून बसवलं. इतके दिवस जिच्यासाठी जीव तुटला, ती ही खुर्ची. इंद्रभान जेमतेम टेकला. तो तसाच उठला.

"कोणी घेतलं त्याले?" तो माईकवर किंचाळला. "आंधळे हायेत काय ते? त्याले दम लागते! एकच पोरगं हाय माहं! परत पाठवा म्हना त्याले! मले नाही पाठवाचं!"

गाणं कुणीतरी बंद केलं. शिट्ट्या थांबल्या. चौक असा चिडीचूप झाला की आता फोनमधला वकार नीट ऐकू यायला लागला.

"दवाखान्यात?" इंद्रभान म्हणाला. "दवाखान्यात भरती केलं? पळताना पडला? पाय मोडला?" त्याने फोन कानाशी दाबला. "नक्की मोडला ना रे?"

आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी, आणि माणूस हसतोय! "बरं झालं! लय बरं झालं बाप्पा! घरी आणा त्याले!"

हातात माईक आहे हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. शकूरने मान खाली घातली. इंद्रभानने गळ्यातला हार काढला, पण तो ठेवायचा कुठे हे त्याला सुचेना.

सिंधूताई उठली. आता ही चारचौघांत आपली अब्रू काढणार, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. तिने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"दोन्ही खुर्च्या घ्या, भाऊ," ती म्हणाली. "तो मोडका पाय तेवढा माह्या अश्वजितले द्या."